भूल, श्वास आणि भाता

(आपल्या लोहार ज्ञातीच्या जिल्हा मेळाव्यात चिखली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी शिक्षण, वधूवरांची नोंदणी, लग्नातील अनाठायी खर्च आणि वसतिगृहाचा निधी या विषयांवर भाषणे होतात, व ती व्हावयास हवीत. यंदा चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘फुप्फुस’ असे उत्तर दिले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. ‘गुरुजी, मुलांचा सत्कार आहे, त्यांना उपयोगी पडेल असे काही बोलावे,’ असे त्यांनी नम्रपणे सुचविले. तथापि गेली काही वर्षे ही एकच गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे व ती ज्ञातीपुढे मांडल्यावाचून मला चैन पडणार नाही. म्हणून त्यांची क्षमा मागून मी माझाच हट्ट चालविला आहे.

प्रथमच सांगतो की मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मराठी शाळेत शिक्षक झालो आणि चौथीच्या वर्गाला शिकविता शिकविता निवृत्त झालो. आज जे शास्त्र सांगणार आहे ते माझ्या पुतण्याच्या मुलीने मला शिकविले. ती फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम पुरा करीत आहे. इंग्रजी निबंध समोर ठेवून ओळीओळीचा अर्थ तिने सांगितला, आणि जेथे मला उमगले नाही तेथे पुन्हा सांगितला. नात शिक्षिका आणि आजोबा विद्यार्थी, असा तो वर्ग होता. चूक आढळल्यास ती विद्यार्थ्याची समजावी.

माझे वडीलबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, त्यांना आपल्यापैकी पुष्कळजण ओळखतात. पन्नास वर्षे त्यांनी ऐरणीवर घण घातला. वखराच्या पासा, नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, विळे यांवर आमचे घर चालले आणि माझे शिक्षणही त्यावरच झाले. विडीचा एक कट्टा त्यांना दिवसाला लागे. २०१७ साली त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया दुर्बिणीने व्हावयाची होती, परंतु आत सारे चिकटलेले निघाल्यामुळे पोट उघडावे लागले. रुग्णालयाचे नाव सांगत नाही. त्याची आवश्यकता नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टर हसतमुखाने बाहेर आले, आम्ही पेढे वाटले.

दादा शुद्धीवर आले तेव्हा उशाशी मी होतो. त्यांनी कूस बदलण्याचा प्रयत्न केला, खोकला आला तसा चेहरा वेदनेने पिळवटला. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, ‘दादा, हलू नका. खोकू नका. टाके तुटतील.’ हे शब्द माझे आहेत. डॉक्टरांचे नव्हेत, परिचारिकेचे नव्हेत. घरातला शिकलेला माणूस म्हणून माझे वजन. मी म्हटले तेच वहिनींनी म्हटले, तेच मुलांनी म्हटले, आणि दादा दोन दिवस उताणे, लाकडाच्या ओंडक्यासारखे निश्चल पडून राहिले. उशाजवळच्या कपाटावर तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे यंत्र वेष्टनासह पडले होते. त्याचे पैसे औषधांच्या यादीत आम्ही भरले होते. ते कशाचे, हे आम्हांला कोणी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. दादांच्या नातवाने खेळणे समजून ते मागितले तेव्हा मी त्याला दटावून ते वर ठेवून दिले.

दुसऱ्या रात्री ताप आला. तिसऱ्या दिवशी धाप लागली, नखे निळसर दिसू लागली. छातीचा फोटो काढला, त्यात उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा आला. ‘फुप्फुस खालून मिटले आहे आणि त्यात आता जंतू शिरले आहेत,’ असे सांगण्यात आले. रातोरात अकोल्यास हलविले. चार दिवस श्वासयंत्र, ज्यास आपण व्हेंटिलेटर म्हणतो, आणि एकंदर एकोणीस दिवस रुग्णालय. वहिनींच्या पाटल्या त्यात गेल्या. दादा वाचले. परंतु ज्या माणसाची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती तो तिसऱ्या दिवशी मरणाच्या दारात कसा गेला, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

आता फुप्फुस म्हणजे काय ते पाहू. आपण भात्याची लेकरे. आपल्याला हे समजावयास इतरांहून सोपे जावे. भाता वर उचलला की हवा आत येते, दाबला की नळीवाटे निखाऱ्यांवर जाते. छाती व पोट यांच्यामधील स्नायूचा पडदा हा आपल्या शरीरातील भाता चालविणारा हात आहे. तो खाली सरकला की फुप्फुस फुगते, वर आला की आकसते. परंतु येथे एक मोठा भेद आहे. भात्याची पिशवी एक, आणि फुप्फुसाच्या आत मात्र सुमारे तीस कोटी सूक्ष्म पिशव्या आहेत. त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक कोशाभोवती रक्ताचे बारीक जाळे, आणि त्या पातळ पडद्यातून प्राणवायु रक्तात जातो.

हे कोश आतून ओलसर असतात. देऊळगावराजाला बालाजीच्या यात्रेत मुलांसाठी फुगा घेतला असेल तर आपल्याला अनुभव असेल की पहिली फुंकर सर्वांत जड जाते. एकदा फुगा थोडा फुगला की पुढे सोपे. ओल्या लहान पिशवीचे तसेच आहे. ती जितकी लहान तितका तिचा मिटून जाण्याकडे ओढा अधिक, आणि एकदा भिंतीला भिंत चिकटली की उघडण्यास मोठा जोर लागतो. निसर्गाने यावर तोड काढली आहे. कोशांच्या आतून एक स्निग्ध द्रव्य पाझरते, ते ओलाव्याचा ताण कमी करिते आणि कोश मिटू देत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचे कारण १९५९ मध्ये अमेरिकेतील मेरी एलेन एव्हरी या विदुषीने शोधून काढले: त्यांच्या फुप्फुसात हेच द्रव्य पुरेसे नसते. आज ते द्रव्य बाळाच्या श्वासनलिकेत घालता येते व पुष्कळ बाळे वाचतात.

दुसरी तोड अशी की आपण अधूनमधून, आपल्याला कळतही नाही अशा रीतीने, एक दीर्घ श्वास घेतो. उसासा टाकतो, जांभई देतो. वर्गात मुलाने जांभई दिली की मी खडू फेकून मारीत असे. आता वाटते, त्या बिचाऱ्याचे फुप्फुस आपले काम करीत होते.

भूल दिल्यावर काय होते? प्रथम माणूस उताणा निजतो. पोटातील आतडी पडद्याला वर रेटतात आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती सुमारे पाऊण ते एक लिटरने कमी होते. मग भुलीचे औषध पडद्याचा आणि छातीच्या स्नायूंचा ताठपणा काढून घेते, तेव्हा आणखी सुमारे अर्धा लिटर जाते. हात सुटलेला भाता आपल्याच वजनाने खाली बसावा तसे पाठीकडील, खालच्या बाजूचे वायुकोश मिटू लागतात. उसासा नाही, जांभई नाही. यंत्र एकाच मापाचा श्वास देत राहते. रक्त मात्र त्या मिटलेल्या भागातून वाहतच असते. ते प्राणवायु न घेता तसेच परत फिरते आणि चांगल्या रक्तात मिसळते.

येथे एक खुलासा करावयास हवा. छातीत जखम होऊन फुप्फुसाच्या बाहेर हवा साठते व तिच्या दाबाने फुप्फुस चेपते, तो प्रकार निराळा. त्या प्रकाराचा तर एके काळी मुद्दाम उपयोग करीत. क्षयाने पोखरलेले फुप्फुस विसावावे म्हणून छातीत सुईने हवा भरून ते मिटवावयाचे, अशी कल्पना फोर्लानिनी या इटालियन वैद्याने १८८२ साली मांडली आणि स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत जगभर, आपल्याकडील आरोग्यधामांतूनही, तो उपचार चालत असे. आजचा विषय मात्र आपोआप, गुपचूप मिटणाऱ्या फुप्फुसाचा आहे.

गुपचूप हा शब्द मी जाणून योजिला. भूल दिलेल्या माणसाच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, ही शिकवण जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या प्रांताच्या अगदी जवळून जातो. १८८८ व १८८९ मध्ये हैदराबादेस क्लोरोफॉर्मविषयी दोन चौकशी मंडळे बसली. त्या काळी वऱ्हाड, आणि त्यातील आपला बुलढाणा जिल्हा, नावाने निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा होता. हैदराबादचा रेसिडेंट हाच आपल्या प्रांताचा वरिष्ठ अधिकारी. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचे मत असे की क्लोरोफॉर्मने मनुष्य दगावतो तो प्रथम श्वास थांबल्याने, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वास पहा. निजामाने खर्च दिला, लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि लॉरी यांचेच म्हणणे उचलून धरण्यात आले. पुढे १९११ मध्ये लेव्ही या संशोधकाने दाखविले की क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी बंद पडू शकते. म्हणजे लॉरी यांचा आग्रह अर्धाच खरा ठरला. परंतु श्वासाकडे पहा, हा त्यातील खरा अर्धा भाग टिकला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंनी क्लोरोफॉर्म देण्याचे काम हाती घेतले. भूल देणारी जगातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

पण छातीची हालचाल डोळ्यांना दिसते, मिटलेला कोश दिसत नाही. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस मिटते हे इंग्लंडमधील विल्यम पाश्चर या वैद्याने १९१० च्या सुमारास लिहून ठेविले होते. (जंतूंवरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले पाश्चर ते हे नव्हेत.) तरी शस्त्रक्रिया चालू असतानाच ते मिटू लागते, ही शंका स्पष्टपणे मांडली गेली ती १९६३ मध्ये, अमेरिकेतील बोस्टन येथे. बेंडिक्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की यंत्राने एकाच मापाचा श्वास देत राहिल्यास रक्तातील प्राणवायु हळूहळू उतरत जातो, आणि मध्येच काही मोठे श्वास दिले की पुन्हा चढतो. यावरून त्यांनी अनुमान केले की कोठेतरी कोश मिटत असले पाहिजेत. साध्या क्ष-किरणांच्या फोटोत मात्र काही दिसेना, त्यामुळे अनुमान अनुमानच राहिले.

पुढे बावीस वर्षांनी, १९८५ मध्ये, स्वीडनमधील हेडेनस्टिएर्ना आणि त्यांच्या मंडळींनी भूल दिलेल्या निरोगी माणसांचे सी.टी. स्कॅन काढले. भूल दिल्यानंतर पाच मिनिटांच्या आत पाठीकडील बाजूस, पडद्याच्या लगत, दाट पट्टा उमटलेला दिसला. ही माणसे फुप्फुसाने आजारी नव्हती. पुढील पाहणीवरून असे ठरले की पूर्ण भूल दिलेल्या दहा माणसांत सुमारे नऊ जणांचे फुप्फुस थोडेबहुत मिटतेच. मला हे ऐकून धक्का बसला. म्हणजे दादांच्या बाबतीत काही अघटित घडले नव्हते. जे जवळजवळ सर्वांचे होते तेच झाले होते. बहुतेकांचे ते पुढे एकदोन दिवसांत आपोआप उघडते. दादांचे उघडले नाही.

याच संशोधकांनी दुसरी एक गोष्ट दाखविली, ती मला सर्वांत नवलाची वाटली. आपण हवा घेतो तीत पाचांतील सुमारे चार भाग नत्रवायु असतो. मी वर्गात शिकवीत असे की नत्रवायु श्वासात जातो तसाच परत येतो, त्याचा उपयोग नाही. चूक! तो रक्तात फारसा शोषला जात नाही म्हणूनच कोशात राहून कोशाला आतून टेकू देतो. शुद्ध प्राणवायु दिला की नत्रवायु धुऊन निघतो. मग जेथे हवेची वाट बंद झाली त्या कोशातील सर्व प्राणवायु रक्तात शोषला जातो आणि कोश रिकामा होऊन मिटतो. चाळीस वर्षांत किती मुलांना मी हे अपुरे शिकविले असेन, कोण जाणे.

मग भूल देताना शुद्ध प्राणवायु देऊच नये काय? तसे नाही, आणि येथेच भूलतज्ज्ञाची कसोटी आहे. औषध दिल्यावर श्वास थांबतो आणि घशातून नळी घालावयाची असते. नळी लवकर गेली नाही तर तेवढा वेळ पुरेल इतका प्राणवायु आत साठविलेला हवा. २००३ मध्ये स्वीडनमध्येच याची मोजदाद झाली. शंभर टक्के प्राणवायु दिलेल्या स्त्रियांना श्वास थांबल्यावर धोक्याच्या रेषेपर्यंत येण्यास सुमारे सात मिनिटे लागली, ऐंशी टक्केवाल्यांना पाच आणि साठ टक्केवाल्यांना साडेतीन मिनिटे. फुप्फुस मात्र शंभर टक्क्यांत सर्वांत अधिक मिटले, ऐंशीत पुष्कळच कमी व साठांत नाममात्र. तीन मिनिटांची ती शिल्लक कोणी सोडावी? म्हणून प्रारंभी भरपूर प्राणवायु द्यावा आणि नळी बसल्यावर तो कमी करावा, असा मध्यम मार्ग अनेकजण पत्करतात.

मिटलेले फुप्फुस यंत्राने उघडण्याचेही प्रयोग झाले. चाळीस सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब, म्हणजे हातभर पाण्याला थोडा कमी, पंधरा सेकंदांपर्यंत धरला की सारे कोश उघडतात, असे १९९० नंतरच्या दशकात आढळले. उघडल्यावर पुन्हा मिटू नयेत म्हणून श्वास संपतानाही आत थोडा दाब राखावयाचा. भाता पूर्ण चेपू न देता खाली लाकडाची चीप ठेवावी तसे ते आहे. ही युक्ती इतकी सरळ दिसते की सर्वांनी ती जोराने वापरावी असे कोणासही वाटेल, आणि तसे काहींना वाटलेही. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या ४०० रोग्यांवर परीक्षा झाली. लहान मापाचे श्वास, मध्यम दाब आणि अधूनमधून फुप्फुस उघडणे ही पद्धत वापरली तेव्हा गंभीर उपद्रव १०.५ टक्के रोग्यांना झाले; जुन्या पद्धतीत, जीत मोठे श्वास देत आणि शेवटी दाब मुळीच राखीत नसत, ते २७.५ टक्के होते. परंतु पुढच्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील ९०० रोग्यांवर अशी परीक्षा झाली की लहान श्वास दोघांनाही, दाब मात्र एकीकडे बारा आणि दुसरीकडे दोन. फुप्फुसाच्या उपद्रवांत फरक पडला नाही. उलट जास्त दाबाच्या गटात रक्तदाब उतरण्याचे प्रसंग अधिक आले. २०१९ मध्ये स्थूल रोग्यांवरही तसाच निकाल आला. आणि ज्यांचे फुप्फुस आधीच भयंकर सुजलेले आहे अशा अतिदक्षता विभागातील रोग्यांवर, ब्राझीलमधील संशोधकांच्या पुढाकाराने १,०१० जणांवर झालेल्या परीक्षेत, २०१७ मध्ये असे दिसले की फुप्फुस जोराने उघडलेल्या गटात मृत्यू अधिक झाले.

लोहाराला हे सांगावयास नको. तापल्यावाचून घण घातला तर लोखंड तडकते. ज्यांना ‘उघडले की झाले’ असे वाटत होते त्यांनीच परीक्षा घेतली, आपल्याविरुद्ध निकाल आला आणि तो त्यांनी छापला, याचे मला फार कौतुक वाटते. आपल्यापैकी किती पुढारी असे करतील?

बळाऐवजी युक्तीने उघडण्याचे उदाहरण आपण २०२० व २०२१ च्या साथीत घरोघरी पाहिले. रोग्यास पालथे निजवा, असे तेव्हा सांगत. ते घरगुती तोडग्यासारखे दिसे. वस्तुतः २०१३ मध्ये फ्रान्समधील गेरां यांनी ४६६ अत्यवस्थ रोग्यांवर ते पडताळले होते. दिवसातून सोळा तासांच्या आसपास पालथे ठेवल्यास अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पालथे केले की पाठीकडील दबलेल्या भागावरचा भार उतरतो व तो उघडतो.

फुप्फुस मिटले आहे हे ओळखण्याची साधनेही आता रुग्णाच्या खाटेपाशी आली आहेत. गर्भवतीची तपासणी करितात तीच सोनोग्राफी छातीवर ठेवूनही मिटलेला भाग दिसतो. फ्रान्समधील लिख्टेनस्टाइन यांनी ही विद्या रूढ केली; पूर्वी ‘फुप्फुसात हवा, तेथे सोनोग्राफीचे काय काम’ असे म्हणत. बोटाला लावावयाचे प्राणवायु मोजण्याचे यंत्र तर साथीत आपण घरी आणले. त्याविषयी एक सावधगिरी सांगतो. नाकाला प्राणवायूची नळी असताना आकडा ९८ दिसला म्हणजे फुप्फुस उघडे आहे असे नव्हे. वरून दिलेला प्राणवायु उणीव झाकून टाकतो. दादांचा आकडा पहिले दोन दिवस उत्तम होता व आम्ही त्यावर निश्चिंत होतो. स्पेनमधील वैद्यांनी २०१७ मध्ये दाखविले की शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटे साध्या हवेवर ठेवून आकडा ९६ वा त्याखाली आला तर फुप्फुस मिटल्याचा संशय घ्यावा. परंतु ही परीक्षा वैद्यांनी करावयाची. नातेवाइकांनी नळी काढून पाहू नये; कृपा करून हे ध्यानात ठेवा, नाहीतर माझ्या भाषणाने अनर्थ व्हावयाचा.

आता ज्यासाठी मी येथे उभा आहे त्या गोष्टीकडे येतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तीन रुग्णालयांतील एका परीक्षेचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या वरच्या भागाची, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया ठरलेले ४४१ रोगी त्यात होते. त्यांचे दोन गट केले. श्वासाच्या व्यायामाची छापील पुस्तिका दोन्ही गटांना दिली. एका गटाला मात्र शस्त्रक्रियेपूर्वी, रुग्णालयात दाखल होण्याच्याही आधी, फिजिओथेरपिस्टने समोर बसवून अर्धा तास शिकविले. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचे काय होते, कोश कसे मिटतात, शुद्धीवर येताच दर तासाला दीर्घ श्वास कसे घ्यावयाचे, खोकावयाचे कसे, हे सांगितले व करवून घेतले. एवढेच. औषध नाही, यंत्र नाही. पुस्तिकाच मिळालेल्या गटात २७ टक्के रोग्यांना फुप्फुसाचे उपद्रव झाले. शिकविलेल्या गटात १२ टक्क्यांना.

नातीने हे वाचून दाखविले तेव्हा मी तिला ती ओळ तीन वेळा वाचावयास लाविली. पुस्तिका दोघांनाही होती! पुस्तक हातात देणे आणि शिकविणे यांतील अंतर शिक्षकाला जन्मभर माहीत असते. पण त्या अंतराचे मोल कोणी असे, माणसांच्या श्वासात मोजलेले मी पूर्वी पाहिले नव्हते. दादांच्या उशाशी यंत्र होते, शिकविणारा नव्हता. आणि जो शिक्षक होता त्याने उलटेच शिकविले.

त्या तीन गोळ्यांच्या यंत्राविषयीही खरे ते सांगतो. त्यात फुंकर मारावयाची नसून श्वास आत ओढावयाचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हळू आणि खोल ओढला की गोळी वर चढते व थोडा वेळ वर धरावयाची असते. परंतु केवळ त्या यंत्राने उपद्रव कमी होतात असा भक्कम पुरावा संशोधकांना मिळालेला नाही. ते यंत्र म्हणजे पाटी. पाटीने अक्षर येत नाही. श्वास खोल घेतला जाणे महत्त्वाचे, मग गोळी असो वा नसो.

अकोल्यास दादांना ज्या तरुण मुलीने उभे केले तिची रीत मला आठवते. यंत्र निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना आधार देऊन बसविले. दादा माझ्याकडे पाहू लागले, कारण हलू नका ही माझी आज्ञा! तिने एक उशी त्यांच्या पोटावर टाक्यांवर ठेविली आणि म्हणाली, ‘आजोबा, ही दोन्ही हातांनी घट्ट धरा. आता पोटाला काही होणार नाही. श्वास घ्या, धरा, आणि खोका.’ दादा खोकले. तिसऱ्या खेपेस काळपट चिकट बेडका बाहेर पडला. असल्या कफाच्या बुचाने वाट बंद होते आणि मागील कोश मिटतात, असे तिने सांगितले. नंतर तिने त्यांना खुर्चीत बसविले, दुसऱ्या दिवशी चालविले. टाका एकही तुटला नाही. दुखते म्हणून वेदनाशामक औषध मागून घ्यावे, कारण दुखणारा माणूस खोल श्वास घेत नाही, हेही तिच्याकडूनच कळले. आपल्यातील पुरुष दुखणे सोसण्यात मोठेपणा मानतात.

विडीविषयी थोडे. शस्त्रक्रिया ठरताच, निदान चार आठवडे आधी, विडी, सिगारेट बंद झाली पाहिजे. विडीने श्वासनलिकांची झाडलोट करणारी व्यवस्था मंदावते व कफ साठतो. चार आठवडे नसले तरी ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून सोडावी. आमच्या व्यवसायात तर भट्टीचा धूर वेगळाच.

२०२२ मध्ये माझ्या पत्नीची पोटाची शस्त्रक्रिया ठरली. त्या वेळी मी भूलतज्ज्ञांना आधी जाऊन भेटलो. आपण बहुधा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच भेटतो; भूल देणारे कोण हे विचारीतही नाही. त्यांनी शांतपणे वेळ दिला, छाती तपासली, जुना खोकला, दमा, विडी-तंबाखू यांची चौकशी केली. माझे प्रश्न ऐकून ते हसले, रागावले नाहीत. घरी पंधरा दिवस मी तिच्याकडून सकाळ-संध्याकाळ श्वास करवून घेतले. उशी धरून खोकण्याचीही तालीम. ‘शाळा सुटली तरी तुमचा तास काही सुटत नाही,’ असे ती म्हणे. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी ती खाटेवर बसली, दुसऱ्या दिवशी चालली, पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. एका उदाहरणावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. तिला विडीचेही व्यसन नव्हते. तरीही सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपल्या जिल्ह्यात आता बुलढाण्यास २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. आपल्या ज्ञातीची काही मुलेमुलीही वैद्यक, परिचर्या व फिजिओथेरपी शिकत आहेत आणि त्यांपैकी काहींचा सत्कार आज याच व्यासपीठावर व्हावयाचा आहे. मंडळाने एवढे करावे, अशी माझी सूचना आहे: ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी चिटणीसांना कळवावे, आणि या मुलांपैकी कोणी त्या घरी जाऊन अर्धा तास बसावे. रुग्णासमोर बसावे, नातेवाइकांनाही बसवावे, विशेषतः त्या घरातल्या शिकलेल्या माणसाला. पत्रक छापू नये. पत्रकाचा निकाल मी आपल्याला सांगितलाच आहे.

दादा आज पुढच्या रांगेत बसलेले आहेत. घण आता त्यांच्याच्याने होत नाही, पण विड्या २०१७ पासून सुटल्या त्या सुटल्याच. ते तीन गोळ्यांचे यंत्र मी बरोबर आणले आहे. तेच, २०१७ सालचे. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा असेल तर दादा येथे येऊन ते कसे वापरावयाचे आणि उशी धरून कसे खोकावयाचे हे करून दाखवितील. उशी मात्र घरून आणावयाची राहिली. मंडपाच्या मागील बाजूस लोड आहेत, त्यांतील एक कोणीतरी इकडे आणून द्यावा.